परळची हंटरवाली

१९३५ साली 'हंटरवाली' हा चित्रपट तयार झाला, पण विकत घ्यायला वितरक पुढे येईनात. निळ्या डोळ्यांची, पिंगट केसांची, अंगापिंडानं दणकट बाई मुखवटा चढवून हातात चाबूक घेते, घोड्यावरून दौडते आणि गुंडांना लोळवते. हे बघायला कोण येणार? शेवटी निर्माते वाडिया बंधूंनी तो स्वतःच्या हिमतीवर ग्रँट रोडच्या सुपर सिनेमात लावला. तिथं तो २५ आठवडे चालला. बाजारात त्यातल्या नायिकेच्या, नादियाच्या, नावाचे चाबूक आणि पट्टे विकले जाऊ लागले, तेही कुणाच्या परवानगीशिवाय.

ही नादिया म्हणजे मेरी इव्हान्स. जन्म १९०८चा, ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. वडील ब्रिटिश सैन्यात, आई ग्रीक. लहानपणीच ती मुंबईत आली. वडील पहिल्या महायुद्धात कामी आले आणि मायलेकींचा आधार गेला. पुढं काही वर्षं पेशावरकडे गेली. घोडेस्वारी आणि शिकार ती तिथं शिकली. मुंबईत परतल्यावर दुकानात विक्रेतीची नोकरी केली, लघुलेखन शिकली, मादाम अ‍ॅस्ट्रोवाच्या नृत्यपथकातून रंगमंचावर नाचत देशभर फिरली, झारको सर्कशीतही गेली. 'नादिया' हे नाव याच भटकंतीतलं, एका ज्योतिष्याच्या सांगण्यावरून घेतलेलं. पोटासाठी केलेल्या या धडपडीतून तिचं शरीर घडलं. तिला निर्भय म्हणून वाखाणताना आपण ही मेहनत विसरतो, हे मला खटकतं.

जे. बी. एच. वाडिया आणि धाकटे भाऊ होमी यांचं वाडिया मूव्हीटोन परळच्या लवजी कॅसलमध्ये होतं. जे. बी. एच. यांनी तिला काळा टोप आणि 'नंदादेवी' हे नाव सुचवलं. तिनं दोन्ही साफ नाकारलं. नादिया हे नाव वाडियाशी जुळतं, असं तिचं उत्तर होतं. हिंदी उच्चार अडखळायचे, म्हणून संवाद घोटून घेतले जात आणि कथाही अशा रचल्या जात की तोंडापेक्षा हातपाय जास्त बोलतील. 'मिस फ्राँटियर मेल'मध्ये (१९३६) धावत्या आगगाडीच्या टपावर तिनं केलेल्या मारामाऱ्या आजही श्वास रोखायला लावतात. धिप्पाड गडी ती डोक्यावर उचलते आणि फेकून देते. असली कामं ती डमी न घेता स्वतःच करायची.

प्रेक्षकाला ती परकी का वाटली नसावी? मला वाटतं, उत्तर आपल्या जत्रांमध्ये आहे. सोनारीच्या भैरवनाथापासून जेजुरीच्या खंडोबापर्यंत यात्रा-जत्रांवर पोसलेल्या मुलखाला कुस्तीची आणि कसरतीची पारख होती. त्याच मुलखातली माणसं मुंबईच्या गिरण्यांत राबत होती आणि तिचे सिनेमे बघत होती. पैलवानाची जात कोण विचारतो? डाव बसला की शिट्टी. नाटककार गिरीश कार्नाडांनीही पुढं लिहिलं की, घोड्यावरून येणाऱ्या नादियाची ललकारी हा त्यांच्या बालपणीचा सर्वांत लक्षात राहिलेला आवाज.

अनेक अभ्यासकांनी मात्र स्टंटपट हलके मानून बाजूला सारले, आणि हा अन्यायच आहे. जे. बी. एच. वाडिया हे विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे. त्यांच्या कंपनीच्या 'डायमंड क्वीन'मध्ये (१९४०) नादिया ठणकावून सांगते की देश स्वतंत्र व्हायचा तर बायकांनाही मोकळीक हवी. हे वाक्य एरवी भाषणात विरलं असतं. इथं ते चार गुंडांना झोडपणाऱ्या बाईच्या तोंडी होतं, आणि समोर बसला होता चार आण्यांचा प्रेक्षक.

१९४२च्या सुमारास भावांच्या वाटा वेगळ्या झाल्या. होमींनी बसंत पिक्चर्स काढली आणि परळच्या त्याच जागेत व्ही. शांताराम यांचा राजकमल स्टुडिओ उभा राहिला. राजकमलचा इतिहास आपण अभिमानानं सांगतो. त्याच आवारात आधी नादिया घडली, हे सांगत नाही. 'हंटरवाली की बेटी' (१९४३) गाजला, पण पुढं काळ बदलला.

होमींशी तिचं प्रेम जुनं. पण घरच्यांचा विरोध होता, म्हणून लग्न झालं ते थेट १९६१ साली, तिच्या पन्नाशीनंतर. १९६८च्या 'खिलाडी'त, वयाच्या साठीत, ती पुन्हा पडद्यावर आली. १९९३ साली वाडिया कुटुंबातल्याच रियाद वाडियानं तिच्यावर माहितीपट केला, तेव्हा ती हयात होती. ९ जानेवारी १९९६ रोजी मुंबईतच ती वारली. मराठी नट्यांच्या यादीत ती बसत नाही, पण मुंबईच्या चित्रपटाच्या इतिहासातलं तिचं पान कोरं ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.