विश्लेषण : सॅल्मन-ट्राउटची कौटुंबिक सहल बुलढाण्यात का होत नाही? खडकपूर्णेवर गळ टाकण्यापूर्वी काय माहीत हवे?

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे गेलेल्या आई-वडिलांचे एक छायाचित्र हल्ली घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हमखास येते. अंगात लाइफ जॅकेट, मागे अथांग पाणी आणि दोन्ही हातांत धरलेला चंदेरी मासा. छायाचित्र पाहून गावाकडच्या नातवंडांचा पहिला प्रश्न असतो, ‘आपल्या धरणावर असे करता येईल का?’ दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत मग गळ आणि दोरी घेऊन गाडी खडकपूर्णा, पेनटाकळी किंवा नळगंगेकडे वळते. सॅल्मन आणि ट्राउट तिथे मिळणार नाहीत, हे बहुतेकांना ठाऊक असते. ते का मिळत नाहीत, धरणातल्या माशांवर हक्क कोणाचा आणि या हौसेतून जीवावरचे संकट कसे ओढवते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

‘चार्टर फिशिंग’ म्हणजे नेमके काय?

एखाद्या कुटुंबाने किंवा मित्रमंडळींनी कप्तानासह संपूर्ण बोट काही तासांसाठी भाड्याने घ्यायची आणि मासेमारीला जायचे, याला चार्टर म्हणतात. आपल्याकडे लग्नाला अख्खी ट्रॅव्हल्स ठरवतात, तसाच हा प्रकार. गळ, दोरी, आमिष, लाइफ जॅकेट सगळे बोटीवरच मिळते. अमेरिकेत अशा कप्तानाला तटरक्षक दलाचा परवाना लागतो. लहान बोटींसाठीच्या परवान्यावर सहा प्रवाशांपर्यंत नेता येते. मासे पकडणाऱ्या प्रौढ व्यक्तीकडे त्या राज्याचा मासेमारी परवाना असावा लागतो. एका व्यक्तीने दिवसाला किती मासे घ्यायचे, याचीही मर्यादा ठरलेली असते.

शिकागो, मिलवॉकी परिसरातील मराठी कुटुंबांना हा अनुभव मिळतो तो मिशिगन सरोवरात. या सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे बुलढाणा जिल्ह्याच्या जवळपास सहापट. कमाल खोली २८१ मीटर. उन्हाळ्यात वरचे पाणी कोमट झाले तरी खाली थंड पाण्याचा थर टिकून राहतो आणि सॅल्मन त्या थरात फिरतात. कप्तान यंत्रावर खोली आणि तापमान पाहतो, वजन लावून आमिष त्या थरापर्यंत सोडतो आणि बोट संथ गतीने चालवत राहतो. मासा लागला की काठी वाकते आणि ती घरातल्या एखाद्याच्या हातात दिली जाते.

हे मासे मूळचे तिथलेच का?

नाहीत. गोष्टीतला हा भाग आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. मिशिगन सरोवरात मूळचा शिकारी मासा होता लेक ट्राउट. समुद्रातून कालव्यांमार्गे आलेल्या ‘सी लँप्रे’ या परजीवी जलचराने आणि बेसुमार मासेमारीने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो जवळपास संपवला. खाणारा शिकारी उरला नाही, तेव्हा ‘एलवाइफ’ नावाचा लहानसा परका मासा बेसुमार वाढला. १९६७ मध्ये त्याचे मेलेले थर शिकागोच्या किनाऱ्यावर साचले आणि ते उचलायला यंत्रे लावावी लागली.

त्याआधीच, १९६६ मध्ये, मिशिगन राज्याच्या मत्स्य विभागाने हॉवर्ड टॅनर यांच्या पुढाकाराने पॅसिफिक किनाऱ्याकडील कोहो सॅल्मनची पिल्ले सोडली होती. पुढच्या वर्षी चिनूक सॅल्मन आले. त्यांनी एलवाइफचा फडशा पाडला आणि चार्टर बोटींचा मोठा व्यवसाय उभा राहिला. पण शेजारच्या ह्युरॉन सरोवरात २००० नंतरच्या दशकात एलवाइफच घटला, तसे चिनूकही कोसळले आणि त्यांच्यावर जगणाऱ्या किनाऱ्यावरच्या गावांना फटका बसला. परका मासा आणून उभा केलेला व्यवसाय किती नाजूक असतो, हे त्यातून दिसले.

मग बुलढाण्याच्या पाण्यात ट्राउट का जगत नाही?

पहिले कारण तापमान. ट्राउट आणि सॅल्मन यांना साधारण १० ते १६ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. २० अंशांच्या वर त्यांना त्रास सुरू होतो आणि २५ अंशांच्या आसपास जगणेच कठीण होते. आपल्याकडे मे महिन्यात घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, शेगाव पट्ट्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. घाटावर बुलढाणा शहरात हवा थोडी सुसह्य असली, तरी जलाशयाचे वरचे पाणी उन्हाळ्यात ३० अंशांच्या आसपास तापतेच.

दुसरे कारण प्राणवायू. पाणी जितके गरम, तितका त्यात कमी प्राणवायू विरघळतो. १० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात साधारण साडेसात. ट्राउटला वाहत्या, फेसाळत्या पाण्याची सवय असल्याने ही घट त्याला झेपत नाही. ‘खाली तळाशी तर पाणी गार असते,’ असे कोणी म्हणेल. पण उथळ आणि गाळाने भरलेल्या जलाशयात तळाशी कुजणारा पाला प्राणवायू खाऊन टाकतो. वर गरम, खाली गुदमर, अशी कोंडी होते.

तिसरे कारण प्रजननाचे. ट्राउट थंड, स्वच्छ पाण्यातल्या वाळू-खड्यांत अंडी घालतो. सॅल्मन समुद्रातून किंवा मोठ्या सरोवरातून नदीत उलटा चढत जातो. पॅसिफिक सॅल्मन अंडी घालून मरतोही. पावसाळ्यात दुथडी वाहणाऱ्या आणि उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या आपल्या नद्यांत हे चक्र पूर्ण होऊ शकत नाही.

भारतात ट्राउट कुठे मिळतो?

इंग्रजांनी १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये ब्राउन ट्राउट आणला. नंतर हिमाचलमधील कुल्लू खोऱ्यात आणि दक्षिणेत निलगिरीच्या डोंगरात ट्राउट रुजवला गेला. हिमाचलमधील तीर्थन नदी आज गळाच्या मासेमारीसाठी प्रसिद्ध आहे. तिथेही मत्स्य विभागाचा परवाना लागतो आणि हिवाळ्यात, प्रजननाच्या काळात, ट्राउटची मासेमारी बंद असते. कुल्लू-मनालीची सहल ठरवताना ज्यांना मुलांना ट्राउट दाखवायचा आहे, त्यांनी हे महिने आधी पाहून घ्यावेत.

मुंबई-पुण्यातल्या हॉटेलांत ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून मिळतो तो आपला रावस. तो चविष्ट असला तरी समुद्रकिनाऱ्यालगतचा वेगळ्याच कुळातला मासा आहे. खऱ्या सॅल्मनशी त्याचे नाते केवळ नावापुरते.

बुलढाण्याच्या धरणांत कोणते मासे आहेत?

अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे जिल्ह्याचे पाणी दोन दिशांना वाटले गेले आहे. नळगंगा, ज्ञानगंगा, मन, मस या नद्या घाट उतरून पूर्णेला आणि पुढे तापीला मिळतात. पैनगंगा आणि खडकपूर्णा यांचे पाणी मात्र गोदावरीच्या खोऱ्यात जाते. देऊळगावराजा तालुक्यातील खडकपूर्णा प्रकल्पाचा जलाशय संत चोखासागर म्हणून ओळखला जातो. संत चोखामेळा यांचे जन्मस्थान मानले जाणारे मेहुणाराजा याच तालुक्यात आहे. पैनगंगेवर मेहकर तालुक्यात पेनटाकळी आणि बुलढाणा शहराला पाणी देणारे येळगाव ही धरणे आहेत.

या जलाशयांत प्रामुख्याने कटला, रोहू आणि मृगळ यांचे बीज सोडले जाते. या तिघांचे खाणे वाटलेले असते : कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो. शिवाय मरळ, वाम, शिंगी आणि सगळीकडे पसरलेला चिलापी असतोच.

सहलीला जाणाऱ्यांनी इथेच फरक समजून घ्यावा. ट्राउट हा शिकारी मासा. पाण्यातून पळणारे चमकदार नकली आमिष पाहून तो झडप घालतो. म्हणून चालत्या बोटीवरून त्याला पकडता येते. कटला-रोहू सूक्ष्म वनस्पती, जीवजंतू, शेवाळ खातात. त्यांच्यासाठी कणकेचा किंवा पेंडीचा गोळा लावून एका जागी शांत बसावे लागते. म्हणजेच मिशिगनची पद्धत जशीच्या तशी उचलून आणली, तरी इथे बोट फिरत राहील आणि गळ रिकामाच येईल. शिकारी मासाच हवा असेल, तर काठालगतच्या झुडपांत दबा धरणारा मरळ आहे. पण त्यालाही इंजिनाची बोट चालत नाही, शांतता लागते.

धरणातला मासा कोणाचा?

पाणी सरकारचे, म्हणून मासा कोणीही पकडावा, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. मत्स्यव्यवसाय विभाग जलाशयातील मासेमारीचे हक्क ठरावीक मुदतीसाठी ठेक्याने देतो आणि त्यात मच्छीमार सहकारी संस्थांना प्राधान्य असते. संस्थेला ठेक्याची रक्कम भरावी लागते, बोटुकली विकत घेऊन सोडावी लागते, राखण करावी लागते. भोई आणि इतर मच्छीमार समाजाची अनेक कुटुंबे त्यावर जगतात. ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी पाणी पिण्यासाठी राखीव होते, जलाशय आटतो, मासा वाढत नाही. सोडलेल्या बिजाचे पैसे मात्र गेलेले असतात.

त्यामुळे रविवारी येऊन टोपलीभर मासे नेणारा हौशी माणूस नकळत कोणाच्या तरी वर्षभराच्या कमाईत हात घालतो. काठावर वाद होतात ते यातूनच. संस्थेच्या माणसांना आधी विचारणे, शुल्क मागितले तर देणे आणि पावती घेणे हा सरळ मार्ग आहे. संस्था कोणती, हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात कळते. एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. दुसऱ्याच्या शेतातली कणसे आपण न विचारता तोडत नाही. धरणातल्या माशालाही तोच न्याय लावायला हवा.

कुठे मासेमारी करूच नये?

लोणार सरोवर आणि परिसर वन्यजीव अभयारण्य आहे, २०२० पासून ते रामसर पाणथळही आहे. तिथे गळ टाकण्याचा विचारही करू नये. ज्ञानगंगा आणि अंबाबरवा अभयारण्यांच्या हद्दीतील तलाव, नाले यांनाही वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. तीर्थक्षेत्राच्या डोहातील मासे अनेक ठिकाणी श्रद्धेने राखलेले असतात. देहू-आळंदीच्या इंद्रायणीतील महसीर हे त्याचे राज्यातील परिचित उदाहरण.

जून ते ऑगस्ट हा काळही टाळलेला बरा. पहिल्या पुरासोबत कार्प जातीचे मासे अंडी घालायला वरच्या उथळ पाण्याकडे चढतात. त्या वेळी पकडलेली एक गाभोळी असलेली मादी म्हणजे लाखो अंडी गेली.

परका मासा आणून सोडला तर?

हौसेने किंवा नफ्यासाठी असे प्रयोग आपल्याकडे झाले आहेत आणि त्यांची किंमत मोजावी लागली आहे. आफ्रिकन मागूर, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात, तो खादाड मासा स्थानिक जाती संपवतो म्हणून देशात त्याच्या संवर्धनावर बंदी आहे. चिलापीने अनेक तलावांत देशी माशांची जागा घेतली. घरच्या काचेच्या टाकीतले मासे धरणात सोडणे हीसुद्धा हीच चूक आहे. महाराष्ट्रात वेगळी वाट दाखवणारे कामही झाले आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा पॉवरच्या केंद्रात अनेक वर्षे देशी महसीरचे बीज तयार केले जाते.

मुलांना घेऊन जायचेच असेल तर?

धरणावरची सर्वात मोठी जोखीम माणसाच्या जीवाची. जलाशयाचा काठ नदीच्या घाटासारखा पायरी-पायरीने उतरत नाही. वरून घट्ट दिसणाऱ्या गाळात पाय गुडघ्यापर्यंत रुततो. पाण्याखाली बुडालेल्या विहिरी, जुन्या खाणी, झाडांचे बुंधे असतात. पोहणाऱ्याचा पाय फासेजाळ्यात अडकला, तर पट्टीचा पोहणाराही सुटत नाही. धरणाखालच्या पात्रात बसू नये. दरवाजे उघडून विसर्ग सुरू झाला, की पाणी पाहता पाहता वाढते.

म्हणून काही नियम घरूनच ठरवून निघावेत. लहान मुले पाण्यापासून दूर आणि एक मोठा माणूस फक्त त्यांच्याकडे लक्ष ठेवणारा. ट्यूब किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर कोणीही चढायचे नाही. होडीत बसायचे तर प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, नसेल तर होडी नाही. विजा चमकू लागल्या, की लांब काठी खाली ठेवून काठ सोडायचा. तुटलेली नायलॉनची दोरी आणि गळ परत आणायचे. पाणकावळे, बगळे आणि गुरे त्यात अडकतात. लहान मासा लागला तर ओल्या हाताने धरून लगेच पाण्यात सोडायचा.

बुलढाण्यात असा व्यवसाय उभा राहू शकतो का?

मिशिगनसारखा नाही, आपल्या पद्धतीचा राहू शकतो. उजनीच्या फुगवट्यावर भिगवण-कुंभारगावचे मच्छीमार हिवाळ्यात पर्यटकांना होडीतून रोहित पक्षी दाखवतात आणि घरी माशाचे जेवण देतात. मासेमारीच्या कमाईला त्यातून जोड मिळाली. संत चोखासागरावर एखाद्या मच्छीमार संस्थेने सकाळी जाळे ओढताना कुटुंबांना दाखवले, काठावर ठरवून दिलेल्या जागी गळ टाकू दिला आणि दुपारी रस्सा-भाकरी वाढली, तर पैसा संस्थेतच राहील. त्यासाठी जलसंपदा विभागाची परवानगी, प्रवासी होड्यांची तपासणी आणि विमा लागेल. इंजिनाच्या होड्यांना २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार नोंदणी लागते. पिण्याच्या पाण्याच्या धरणात डिझेलचे तेल नको, म्हणून वल्ह्याची होडीच बरी. पाणी टिकण्याच्या हिशेबाने हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढाच धरावा लागेल.

चंदेरी सॅल्मनचे छायाचित्र त्यात मिळणार नाही. पण आपल्या ताटातला रोहू कोण पाळतो, कोण राखतो आणि आटलेल्या धरणाच्या वर्षी त्याच्या घरी काय होते, हे मुलांना तिथेच काठावर कळेल.