पाणी, क्षार आणि विजेचा खेळ

पाणी विजेचे सुवाहक आहे, हा समज जवळजवळ सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात शुद्ध पाणी विजेला मोठा अडथळा करते. २५ अंश सेल्सिअसला त्याची वाहकता दर सेंटिमीटरला अवघी ०.०५५ मायक्रोसीमेन्स असते. त्याच पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्षार विरघळले की ती साधारण ७०० ते १००० वर जाते, म्हणजे दहा हजार पटींहून अधिक. वीज वाहते ती या क्षारांच्या आयनांमुळे. नळाचे पाणी आणि घाम या दोहोंत क्षार असतातच, म्हणून ओल्या हाताने बटण दाबणे धोक्याचे ते धोक्याचेच.

हे क्षार पाण्यात कसे येतात, याचे एक उदाहरण पाहा: सोलापूर जिल्ह्याच्या पोटात काळा बेसाल्ट आहे. त्याच्या भेगांतून मुरणारे पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट घेऊन बोअरमधून वर येते. साबणाला फेस न येणे आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर धरणे ही या जड पाण्याची ओळख. असे पाणी वीज चांगली वाहून नेते.

दुसरा गैरसमज असा की विजेच्या प्रवाहामुळे मिठाचे आयन तयार होतात. स्वान्ते अऱ्हेनियस या रसायनशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये याच्या उलट मांडणी केली: क्षार पाण्यात विरघळतानाच त्याचे आयनांत विचरण होते, प्रवाह असो वा नसो. ही मांडणी त्या वेळी अनेकांच्या पचनी पडली नाही. पुढे १९०३ मध्ये त्याला याच कार्यासाठी रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. मिठाच्या द्रावणात दिवा लागतो, ग्लुकोजच्या किंवा युरियाच्या द्रावणात लागत नाही, याचे कारणही हेच. ग्लुकोज विरघळतो, पण त्याचे रेणू अखंड राहतात. उलट मिठाच्या स्फटिकात आयन आधीपासूनच असतात, फक्त जागेला जखडलेले. ८०१ अंशांना मीठ वितळले की पाण्याशिवायही ते वीज वाहते.

द्रावणातून इलेक्ट्रॉन पोहत जातात, असेही अनेक विद्यार्थी लिहितात. इलेक्ट्रॉन तारेतून वाहतात. द्रावणात धन आयन ऋणाग्राकडे आणि ऋण आयन धनाग्राकडे सरकतात, आणि इलेक्ट्रॉनांची देवघेव अग्रांच्या पृष्ठभागावर होते. पाण्याच्या विद्युत अपघटनात विरल सल्फ्युरिक आम्ल घालतात ते वाहकतेपुरते. ते खर्ची पडत नाही. तेथे मीठ घातले तर धनाग्रावर ऑक्सिजनऐवजी विषारी क्लोरीन निघू शकतो, म्हणून ही अदलाबदल करू नये.

या विषयातला सर्वांत खर्चिक गैरसमज मात्र वर्गाबाहेरचा आहे. पाणी शुद्ध करणारे यंत्र विकताना दोन ग्लास मांडले जातात, एकात नळाचे किंवा बोअरचे पाणी, दुसऱ्यात आरओ (रिव्हर्स ऑस्मोसिस) यंत्राचे. दोन्हींत लोखंडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या कांड्या बुडवून त्यांत वीज सोडली की पहिला ग्लास मिनिटा-दोन मिनिटांत हिरवट-तपकिरी होतो, दुसरा स्वच्छ राहतो. ही पाण्यात दडलेली घाण, असे सांगितले जाते. हा खुलासा साफ खोटा आहे. धनाग्राला जोडलेले लोखंड स्वतः विरघळते. त्याचे आयन ऋणाग्रापाशी तयार झालेल्या हायड्रॉक्साइड आयनांशी जुळून आयर्न हायड्रॉक्साइडचा साका बनतो आणि हवेतल्या ऑक्सिजनने तो गंजासारखा तपकिरी होतो. आरओच्या पाण्यात क्षार थोडे, म्हणून प्रवाह क्षीण आणि लोखंड जागच्या जागी.

पडताळा घेणे सोपे आहे. आरओच्याच पाण्यात चिमूटभर मीठ टाकून त्याच कांड्या बुडवल्या की तेही तपकिरी होते. उलट बोअरच्या पाण्यात ग्रॅफाइटच्या कांड्या आणि ९ व्होल्टची बॅटरी वापरली तर लोखंडाचा साका मुळीच येत नाही, फक्त बुडबुडे सुटतात. ऋणाग्रापाशी फार तर पांढरी साय धरते; तेवढा चुना मात्र पाण्याचा स्वतःचा. हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि बॅटरीवरच करावा, घरच्या २३० व्होल्टवर कधीही नाही.

पाण्यात विरघळलेल्या घटकांचा आकडा दाखवणाऱ्या टीडीएस मीटरबद्दलही असाच घोटाळा होतो. हे मीटर क्षार मोजत नाही; ते वाहकता मोजते आणि तिला ०.५ ते ०.७ च्या आसपासच्या गुणकाने गुणून आकडा दाखवते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले घटक स्वीकारार्ह आहेत आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतात. आकडा ४०० आला म्हणजे पाणी विषारी ठरत नाही, आणि ४० आला म्हणून ते निर्जंतुकही ठरत नाही. जंतू आणि बहुतेक कीटकनाशके वाहकतेत जाणवण्याइतकी भर घालत नाहीत. आयन कोणते आहेत, हेही मीटरला कळत नाही. नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे, आणि मीटर ३०० दाखवत असतानाही ती ओलांडलेली असू शकते. ते रासायनिक तपासणीतच कळते.