टीव्हीवर एकच आडवी रेघ: डब्बा टीव्हीचं डीबगिंग

आजच्या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून इथे नीट मांडलेत. विषय आहे पिक्चर ट्यूबवाला जुना टीव्ही, म्हणजे आपला डब्बा टीव्ही. तो बिघडला तर बिघाड नेमका कुठे आहे, हे कसं शोधायचं?

मी सॉफ्टवेअरवाली. बीटेक केलं आणि आता दिवसभर कोडमधले बग शोधते. पण बग शोधायची पद्धत टीव्हीलाही तशीच लागू होते. लक्षण नीट बघायचं, काय चालू आहे ते आधी ठरवायचं, आणि मग उरलेल्या भागावर संशय घ्यायचा.

केस अशी. माझी आत्या मिरजेत एकटी राहते. तिचा २१ इंची रंगीत टीव्ही, त्याला फ्री डिशचा बॉक्स जोडलेला. रिमोटची बटणं तिला अंधारातही सापडतात. एका संध्याकाळी आवाज येत राहिला, पण चित्र गेलं आणि पडद्याच्या मधोमध एक पांढरीशुभ्र आडवी रेघ उरली. घरचे म्हणाले, भंगारात द्या, नवीन घेऊ. आत्या म्हणाली, "अगं, आधी काय झालंय ते तरी बघा."

अशी रेघ दिसली की पहिलं काम म्हणजे टीव्ही बंद करणं. अख्ख्या पडद्यावर पसरायचा इलेक्ट्रॉनचा झोत एकाच रेषेवर आदळत असतो. फार वेळ चालू ठेवलं तर तिथला फॉस्फर जळतो आणि तो डाग कायमचा राहतो.

आधी जीव, मग टीव्ही

हा भाग गाळू नका. आपल्या घरातले २३० व्होल्ट एसी टीव्हीत आल्यावर डीसी होतात आणि मोठ्या फिल्टर कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात. पिक्चर ट्यूबच्या बाजूला रबरी टोपीखाली जी जाड वायर जाते, तिथे तर २० ते २५ हजार व्होल्ट असतात. प्लग काढला म्हणजे हे सगळं लगेच शून्य होत नाही. त्यात ट्यूबच्या आत निर्वात पोकळी असते आणि मागची मान नाजूक असते. मानेला धक्का लागला तर ट्यूब गेलीच समजा.

म्हणून आम्ही तिथल्या एका जुन्या मेकॅनिक काकांना बोलावलं. मागचं झाकण त्यांनी उघडलं, कपॅसिटर त्यांनी डिस्चार्ज केला, आणि चालू टीव्हीतली मोजमापंही त्यांनीच घेतली. मी शेजारी बसून वही भरत होते. तुम्हीही असंच करा. व्हिडिओ बघून एकट्याने झाकण उघडायचं हे काम नाही.

एक रेघ किती सांगते

आपल्याकडच्या पॅल पद्धतीत एक पूर्ण चित्र ६२५ ओळींचं असतं आणि सेकंदाला अशी २५ चित्रं येतात. गुणाकार करा: १५,६२५. म्हणजे झोत सेकंदाला १५,६२५ वेळा डावीकडून उजवीकडे जातो. त्याच वेळी तो सेकंदाला ५० वेळा वरून खाली येतो, कारण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत काढलं जातं. या दोन हालचालींची सर्किटं वेगळी असतात. आडवीला मेकॅनिक लाईन सेक्शन म्हणतात आणि उभीला व्हर्टिकल.

आता रेघेकडे बघा. ती डावीकडून उजवीकडे पूर्ण आहे, म्हणजे लाईन सेक्शन ठीक. ते हजारो व्होल्ट लाईन सेक्शनवरच्या ट्रान्सफॉर्मरमधूनच तयार होतात आणि रेघ झगझगीत आहे, म्हणजे हाय व्होल्टेज आहे, ट्यूबही जिवंत आहे. मेन पॉवर सप्लाय चालू असल्याशिवाय यातलं काहीच झालं नसतं. आवाजही येतोय. झाकण उघडायच्या आधीच तीन-चतुर्थांश टीव्ही संशयातून सुटला! उरलं फक्त व्हर्टिकल.

संशयितांची यादी

काकांचा क्रम सरळ होता: जे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा बिघडतं, ते आधी.

१. ड्राय सोल्डर. व्हर्टिकलचा आयसी हीटसिंकवर असतो आणि रोज तापतो, गार होतो. वर्षानुवर्षं असं झालं की पिनांभोवतीच्या सोल्डरला बारीक गोल भेग पडते. भिंगातून बघा, कडं दिसतं.

२. आयसीला मिळणारा सप्लाय. त्याच्या वाटेवर छोटा फ्यूज रेझिस्टर असतो. तो उघडा पडला तर आयसी चांगला असूनही उपाशी.

३. हीटसिंकजवळचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. उष्णतेने आतलं द्रव सुकतं.

४. योक, म्हणजे ट्यूबच्या मानेवरची कॉइल, आणि तिचं कनेक्टर.

५. सगळ्यात शेवटी स्वतः आयसी.

आत्याच्या टीव्हीत दोन पिनांभोवती भेगा सापडल्या. काकांनी जुनं सोल्डर काढून नवीन लावलं. चित्र आलं! आत्या खूश. पण काका थांबले नाहीत. वरच्या दोन-तीन इंचांत चित्र दुमडल्यासारखं दिसत होतं आणि पांढऱ्या रेषा होत्या.

यामागचं कारण फार छान आहे. झोत खाली पोचला की त्याला झटकन परत वर नेण्यासाठी आयसीला क्षणभर जास्त व्होल्टेज लागतं. ते एक छोटा कपॅसिटर साठवून पुरवतो. तो सुकला की झोत वेळेत वर पोचत नाही आणि चित्राचा वरचा भाग दुमडतो. काकांनी तो बदलला: मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि १०५ अंशांचा, कारण जागा गरम असते. दुमड गेली. भाग दोन चहांच्या पैशांत आला.

आमच्या कामातही हेच चालतं. लक्षण कमी झालं म्हणजे बग गेला, असं नाही. आणि एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने बरं झालं हे कधीच कळत नाही.

इतर लक्षणं, थोडक्यात

टीव्ही पूर्ण मेला आणि फ्यूजची काच आतून काळी झाली, तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे. नुसता फ्यूज बदलला तर तोही उडेल. अशा वेळी मेकॅनिक टीव्हीला सिरीज बल्ब लावतात. बल्ब एकदा लखकन पेटून मंद झाला तर ठीक, प्रखर पेटून राहिला तर शॉर्ट.

लाल दिवा लागतो पण टीव्ही टिकटिक करत सुरूच होत नाही, तर बहुतेक वेळा लाईन सेक्शनचा मोठा ट्रान्झिस्टर शॉर्ट असतो.

कोपऱ्यात हिरवे-जांभळे डाग दिसतात, तर आधी जवळचा स्पीकर हलवा. तरीही राहिले तर चुंबकत्व घालवणाऱ्या कॉइलचा पॉझिस्टर तपासायला सांगा.

कधी सोडून द्यायचं

ट्यूबच कमजोर झाली असेल किंवा हाय व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर मिळत नसेल, तर खर्च करू नका. पण भंगारात देताना एक लक्षात ठेवा. ट्यूबच्या काचेत शिसं असतं. तांब्यासाठी ट्यूब फोडली की काच आणि शिसं तिथेच मातीत जातं, आणि फोडणाऱ्या माणसाच्या अंगावरही. म्हणून अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रातच द्या.

आणि शेवटचं. काकांकडे ना सर्किट डायग्राम होता, ना इंटरनेट. त्यांचा मुलगा आता मोबाईल दुरुस्त करतो, टीव्हीचं काम शिकणारं कुणी नाही. तुमच्या गावातही असे एखादे काका असतील. घरात जुना टीव्ही, रेडिओ किंवा टेपरेकॉर्डर बंद पडला असेल तर त्यांच्याकडे न्या, शेजारी बसा आणि विचारा, "काका, हे कसं ओळखलंत?" उत्तर फोनवर रेकॉर्ड करा, अर्थात त्यांना विचारून. भेटूया पुढच्या भागात!