स्तनाचा कर्करोग : कोणता उशीर महागात पडतो?

नगर जिल्ह्याच्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. या काळात एखाद्या स्त्रीच्या स्तनात गाठ हाताला लागली, तर ती डॉक्टरांना दाखवण्याचा दिवस बहुधा गावी परतल्यानंतरच उजाडतो. गाठ दुखत नसेल तर त्याहूनही उशिरा. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला सहसा दुखत नाही, हीच खरी अडचण आहे. नगर शहरातील नोकरदार स्त्रीची कारणे वेगळी असतात. मुलांची दहावी-बारावी, घरातले लग्न, रजेचा प्रश्न. पण त्यातही महिने जातातच.

भारतात स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग आज पहिल्या क्रमांकावर आहे. २०२२ या एका वर्षात देशात त्याचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळल्याचा जागतिक अंदाज आहे. निदान झाल्यावर प्रत्येक कुटुंबाला पहिला प्रश्न पडतो, ‘आम्हाला उशीर झाला का?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण उशीर एका प्रकारचा नसतो. काही उशीर जिवावर बेतणारे असतात, काही निव्वळ मनस्ताप देणारे. रुग्णाची शक्ती मर्यादित असते. ती कोठे खर्च करायची हे ठरवण्यासाठी या दोहोंतला फरक कळणे आवश्यक आहे.

पहिला उशीर गाठ लक्षात येण्यापासून डॉक्टरांपर्यंत पोचण्याचा. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर एक दीर्घ अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने केलेल्या तपासणीमुळे कर्करोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला, आणि पन्नाशीच्या पुढील स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र असा लाभ दिसला नाही. जामखेडला लागूनच असलेल्या बार्शी परिसरात १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत जागृती वाढताच रुग्ण लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्याची नोंद झाली. गावातल्या बायका माहिती मिळाली की वेळेवर येतात. त्या येतच नाहीत असे गृहीत धरणे हाही एक प्रकारचा आळसच.

दुसरा उशीर निदान आणि उपचार यांमधला. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया चार आठवड्यांनी लांबली तर मृत्यूचा धोका आधी असेल त्याच्या सुमारे आठ टक्क्यांनी वाढतो. शस्त्रक्रियेनंतरच्या केमोथेरपीबाबतही प्रमाण जवळपास तेवढेच आहे. शस्त्रक्रियेपासून तीन महिने उलटून गेल्यावर केमोथेरपी सुरू झाली तर परिणाम स्पष्टपणे वाईट होतात. म्हणजे आठ-दहा दिवस इकडेतिकडे झाल्याने आभाळ कोसळत नाही, महिने गेले तर मात्र किंमत मोजावी लागते.

हे महिने जातात कोठे? काही भीतीपायी जातात. ‘सुई टोचली की रोग पसरतो’ ही समजूत अजून गेलेली नाही. ती निराधार आहे. बायोप्सीशिवाय उपचारांची दिशाच ठरत नाही. काही कागदपत्रांपायी जातात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार यांचा समावेश आहे, पण शिधापत्रिका, आधार कार्ड आणि रुग्णालयाच्या नोंदी यांतील नाव जुळले नाही तर मंजुरी अडते. माहेरच्या आणि सासरच्या नावांचा घोळ इथे हमखास निघतो. आणि काही काळ जातो एका क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूपायी. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून जपलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. तालुक्याच्या गावी बायोप्सी झाली आणि उपचार पुण्यात किंवा मुंबईत घ्यायचे ठरले, तर ईआर, पीआर आणि हर-टू या चाचण्यांसाठी हा ब्लॉक लागतो. रुग्ण फक्त अहवालाचा कागद घेऊन निघतो आणि ब्लॉकसाठी पुन्हा माघारी येतो. जाताना ब्लॉक आणि स्लाइड मागून घेतल्या तर एक हेलपाटा वाचतो.

तिसरा उशीर जनुकीय चाचणीचा. त्याविषयी गैरसमज सर्वाधिक आहेत.

स्तनाच्या कर्करोगांपैकी पाच ते दहा टक्के आनुवंशिक असतात. त्यांतील बऱ्याच रुग्णांत बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकांत दोष आढळतो. ही जनुके १९९४ आणि १९९५ मध्ये शोधली गेली. पेशीतील डीएनएची मोडतोड दुरुस्त करणे हे त्यांचे काम; ती बिघडली की दुरुस्ती खोळंबते आणि कर्करोगाला वाट मिळते. असा दोष घेऊन जन्मलेल्या स्त्रीला आयुष्यात कधीतरी स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता साठ टक्के किंवा त्याहून अधिक असते. बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोकाही मोठा असतो.

चाचणी रक्ताच्या किंवा लाळेच्या नमुन्यावर होते. अहवालाला साधारण तीन-चार आठवडे लागतात. खर्च अनेकदा रुग्णालाच करावा लागतो, म्हणून ती ‘नंतर बघू’ या यादीत जाते. कधी ती सुचवलीच जात नाही आणि उपचार निम्मे झाल्यावर दुसरे कोणी डॉक्टर विचारतात, ‘जनुकीय चाचणी केली होती का?’ मग कुटुंबाला वाटते, सगळेच चुकले.

तसे नसते. ब्रिटनमध्ये चाळिशीपर्यंतच्या २,७३३ रुग्ण स्त्रियांचा दीर्घकाळ मागोवा घेण्यात आला. बीआरसीए दोष असलेल्या आणि नसलेल्या स्त्रियांच्या जगण्याच्या प्रमाणात त्यांत लक्षणीय फरक आढळला नाही, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे गाठ काढून स्तन राखण्याची शस्त्रक्रिया झाली आणि नंतर दोष असल्याचे कळले, तरी जीव वाचवण्याची संधी हुकली असे होत नाही. दोन्ही स्तन काढण्याचा निर्णय उपचार संपल्यावर, शांतपणे, वर्षभरानेही घेता येतो. शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी द्यायची असेल तर चार-सहा महिने हाताशी असतात आणि त्या अवधीत अहवाल आरामात येतो. अहवालासाठी सुरू असलेली केमोथेरपी थांबवणे मात्र चूक.

तरीही एक दार असे आहे की ते बंद होऊ शकते. बीआरसीए दोष असलेल्या आणि रोग परतण्याचा धोका जास्त असलेल्या, हर-टू निगेटिव्ह रुग्णांना ओलापॅरिब या गोळ्या वर्षभर दिल्यास फायदा होतो. १,८३६ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. तीन वर्षांनंतर गोळ्या घेणाऱ्यांपैकी सुमारे ८६ टक्के रोगमुक्त होते, न घेणाऱ्यांपैकी ७७ टक्के. या चाचणीत शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार यांपैकी शेवटचा उपचार संपल्यापासून बारा आठवड्यांच्या आत रुग्णांना सामावून घेतले होते. औषध महाग आहे आणि प्रत्येकीला लागू नाही. पण ज्यांना लागू आहे त्यांचा अहवाल किरणोपचार संपण्याच्या सुमारास तरी हाती हवा. त्यामुळे चाचणी झालेली नसेल तर केमोथेरपीच्या मध्यावरही रक्त देण्यात अर्थ आहे. अमेरिकेतील तज्ज्ञ संस्थांनी २०२४ मध्ये पासष्टीपर्यंतच्या प्रत्येक नव्या रुग्णाला ही चाचणी देऊ करावी असे सुचवले. आपल्याकडे तेवढे शक्य नसेल, तर निदान पन्नाशीच्या आतील रुग्ण, ट्रिपल निगेटिव्ह कर्करोग, दोन्ही स्तनांत रोग किंवा कुटुंबात बीजांडकोशाचा कर्करोग, अशा वेळी रुग्णाने स्वतःहून पहिल्याच भेटीत विचारावे.

अहवालात कधीकधी ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा येतो. जनुकात बदल आहे, पण तो घातक की निरुपद्रवी हे अद्याप ठरलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. जगातील जनुकीय माहितीचे साठे प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांचे असल्याने भारतीयांच्या वाट्याला हा शेरा अधिक येतो. त्यावर विसंबून कोणतीही शस्त्रक्रिया करू नये. काही वर्षांनी त्याचा अर्थ बदलू शकतो, म्हणून अहवाल जपून ठेवावा.

वाट पाहण्याचा काळ सर्वांत कठीण, असे अनेक रुग्ण सांगतात. केमोथेरपीच्या खुर्चीत बसल्यावर निदान काहीतरी घडत असते. अहवालाच्या वाटेवर फक्त फोन असतो. या काळात फोन कोणी करायचे हे घरात एकाने ठरवून घेतले तर रुग्णावरचा भार कमी होतो. परळला उपचारासाठी जाणाऱ्या कुटुंबांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार अनेक वर्षे मिळत आला आहे. किरणोपचारही पूर्वी पाच आठवडे चालत, आता बहुतेक रुग्णांचे तीन आठवड्यांत आटोपतात. संगमनेर-अकोल्याकडच्या बाईसाठी हा फरक खोलीचे भाडे आणि घरची दुभती जनावरे यांच्या हिशेबात मोठा असतो.

जनुकीय अहवाल कितीही उशिरा आला तरी तो कधीच निरुपयोगी ठरत नाही, कारण तो एकट्या रुग्णाचा नसतो. दोष असेल तर प्रत्येक अपत्याला, मुलगा असो की मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. तो वडिलांकडूनही येतो. कौटुंबिक इतिहास विचारताना आई आणि मावशी आठवतात, पण आत्या आणि वडिलांची आई बहुतेकदा विसरल्या जातात. बहिणी सासरी गेलेल्या असतात, एक श्रीरामपूरला, एक बीडला. मुलीच्या लग्नात अडचण येईल या धास्तीने अहवाल कपाटात बंद होतो आणि बहिणीला कळतच नाही. कळले, तर तिला पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय आणि तिशीपासून मॅमोग्राफी करून घेता येते, आणि मुले झाल्यावर, दोष कोणत्या जनुकात आहे त्यानुसार पस्तिशी ते पंचेचाळिशीदरम्यान, बीजांडकोश काढून टाकण्याचा विचार करता येतो. तो निरोप पोचवण्याचे काम रुग्णालय करत नाही. ते भाऊबीजेला किंवा राखीला, घरातल्या कोणाला तरी करावे लागते.