हरणांची मिठाची ओढ

चितळ माती का चाटते? गवतात, पाल्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम मात्र नावापुरते. वाघाला ते भक्ष्याच्या रक्तामांसातून मिळते. ताडोबातल्या चितळ-सांबरांना, गव्यांना खारट मातीच शोधावी लागते. पावसाळ्यातल्या कोवळ्या गवतावर ही ओढ वाढते. नराला शिवाय दरवर्षी नवी शिंगे घडवायची असतात, त्यासाठी कॅल्शियम आणि फॉस्फरस हवे. रानात गळून पडलेले शिंग फार दिवस टिकत नाही, साळिंदर आणि हरणे ते कुरतडतात.

अमेरिकेत ही ओढ हेरून शिकारी रानात मीठ, खनिजांच्या विटा ठेवतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आमिष दाखवणेही शिकारीतच मोडते. पण आजाराला कायदा कळत नाही! एकाच जागी अनेक तोंडे लागली की लाळ, मूत्र, लेंड्या तिथेच साठतात. विस्कॉन्सिनमधल्या अशा जागांच्या मातीत व पाण्यात हरणांचा मेंदू पोखरणाऱ्या रोगाचे प्रायॉन आढळले; ते संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

चंद्रपूर-गडचिरोलीत गावची गुरे आणि हरणे एकाच रानात चरतात. इथे खरी भीती लाळ्या-खुरकुताची. तो दोघांनाही होतो. म्हणून गुरांसाठी आणलेली चाटण वीट गोठ्यातच टांगावी, चराईच्या रानात नेऊ नये. लाळ्या-खुरकुताची लसही वेळेवर टोचून घ्यावी.