फाळके, धुंडिराज गोविंद
(३० एप्रिल १८७०–१६ फेब्रुवारी १९४४). भारतीय चित्रपटव्यवसायाचे आद्य प्रवर्तक व दिग्दर्शक. दादासाहेब फाळके या नावाने सुपरिचित. जन्म नासिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे. मुंबईचे सर जे. जे. कलाविद्यालय व बडोद्याचे कलाभवन येथे त्यांनी चित्रकला, छायाचित्रण, मुद्रण इ. कलांचे शिक्षण घेतले. गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय करीत असता प्लेगच्या साथीत त्यांची प्रथम पत्नी व अपत्य मृत्यू पावले. पुढे सरस्वतीबाईंशी त्यांचा द्वितीय विवाह झाला. पुरातत्त्व खात्यातील नोकरी सोडून त्यांनी मुद्रणव्यवसाय आरंभिला व त्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीचा प्रवासही केला. परंतु भागीदारांशी मतभेद झाल्याने तोही त्यांना सोडावा लागला.

येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून भारतीय दैवतकथा पडद्यावर आणण्याची कल्पना त्यांना सुचली. अहोरात्र अभ्यासाने त्यांची दृष्टी काही काळ अधू झाली. विम्याची पत्रे तारण ठेवून ते १९१२ मध्ये लंडनला गेले व कॅमेरा घेऊन परतले. पुढील भांडवलासाठी सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले. दादर येथील राहते घर हेच चित्रपटनिर्मितीचे केंद्र झाले. फिल्मला छिद्रे पाडणे, तिच्यावर रासायनिक प्रक्रिया करणे यांबरोबरच सर्व मंडळींचा स्वयंपाकही सरस्वतीबाई पाहत. त्यामुळे या उद्योगातील त्यांचा वाटा तांत्रिक साहाय्यकाचाही होता. राजा हरिश्चंद्र (१९१३) या चित्रपटात पुत्र भालचंद्र याने रोहिदासाची भूमिका केली. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री न मिळाल्याने ती अण्णा साळुंके यांनी केली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात हा चित्रपट प्रदर्शित झाला.

त्यानंतर फाळके यांनी आपला व्यवसाय नासिकला हलविला. पहिल्या महायुद्धामुळे त्यांना आर्थिक अडचणी आल्या. तथापि लंकादहनाला (१९१७) अपूर्व यश लाभले. १९१८ मध्ये भांडवलदारांच्या भागीदारीत हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली. कालियामर्दन (१९१९) या चित्रपटात कन्या मंदाकिनी कृष्णाच्या भूमिकेत चमकली. मात्र भागीदारांशी न पटल्याने फाळके कंपनी सोडून सहकुटुंब काशीस गेले. तेथे त्यांनी रंगभूमी हे नाटक लिहिले. काही वर्षांनी ते कंपनीत परतले, पण पूर्वीचे यश पुन्हा लाभले नाही. मूकपट म्हणून काढलेल्या सेतुबंधनाला मागाहून ध्वनीची जोड द्यावी लागली. कोल्हापुरात निर्माण झालेला गंगावतरण (१९३७) हा बोलपट त्यांची अखेरची उल्लेखनीय कृती ठरली.

उत्पन्न पुढील चित्रपटात गुंतविण्याच्या वृत्तीमुळे त्यांच्याजवळ संचय राहिला नाही. उत्तरायुष्यात विपन्नावस्थेत त्यांचे नासिक येथे निधन झाले. त्यांच्या नावाने १९६९ पासून केंद्र शासनातर्फे चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार दिला जातो.