भद्देकरत्त सुत्त आणि उद्याची चिंता

'वर्तमानात जगा' हा उपदेश आज सर्वत्र ऐकू येतो. परंतु त्याचा अर्थ बहुधा 'उद्याचे उद्या पाहू' असाच घेतला जातो. बुद्धवचनास हा अर्थ अभिप्रेत आहे काय, हे मूळ पाली सुत्तांच्या आधारे तपासणे आम्हांस अगत्याचे वाटते. मुलांच्या शिक्षणाची वा येणाऱ्या हंगामाची विवंचना असलेल्या गृहस्थाला धम्म बेफिकिरी शिकवितो असे वाटले, तर तो धम्मापासूनच दुरावेल.

मज्झिमनिकायातील १३१ ते १३४ या क्रमांकांची चार सुत्ते एकाच गाथासमूहाचे विवरण करतात. त्यांपैकी पहिले भद्देकरत्त सुत्त भगवंतांनी श्रावस्तीच्या जेतवनात उपदेशिले. उरलेली तीन आनंद, महाकच्चान व लोमसकंगिय यांच्या नावांनी ओळखली जातात. 'भद्देकरत्त' या शब्दाच्या अर्थाविषयी अभ्यासकांत मतभेद आहे. कोणी त्यातील 'रत्त' हे पद 'रात्र' या अर्थी घेतात, तर कोणी 'अनुरक्त' या अर्थी. सुत्तातील विवरण मात्र सुस्पष्ट आहे.

आपले रूप पूर्वी कसे होते या विचारात मन रमविणे म्हणजे भूतकाळामागे धावणे. ते पुढे कसे असावे या विचारात रमणे म्हणजे भविष्याची आस धरणे. वेदना, संज्ञा, संस्कार व विज्ञान यांनाही हाच न्याय लावलेला आहे. म्हणजे येथे दोष स्मरणाचा वा पूर्वविचाराचा नसून 'नन्दी'चा, अर्थात आसक्तीने रमण्याचा आहे. आमच्या मते चिंता ही याच आसक्तीची दुसरी बाजू होय. जे हवे त्यात मन रमते, म्हणूनच ते न मिळण्याचे भय वाटते.

याहून महत्त्वाचा भाग पुढे आहे. पंचस्कंधांना 'मी' व 'माझे' मानणारा मनुष्य वर्तमानातही ओढला जातो, असे सुत्त सांगते. म्हणून क्षणाचे सुख भोगणे म्हणजे वर्तमानात जगणे नव्हे. जे समोर आहे ते प्रज्ञेने पाहणे, हाच त्याचा अर्थ होय.

मग उद्याची तरतूद करावी की नाही? दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला धनाचे चार भाग करण्यास सांगितले आहे : एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा आपत्काळासाठी राखून ठेवण्याचा. अंगुत्तरनिकायातील अनागतभय सुत्तांत भिक्खूने जरा, व्याधी, दुर्भिक्ष अशी भावी भये आधीच ओळखावीत, असा उपदेश आहे. परंतु त्याचा हेतू त्याने आजच उद्योगास लागावे हा आहे. सम्राट अशोकाने बैराटच्या लेखात ज्या धम्मग्रंथांच्या श्रवण-मननाची शिफारस केली, त्यांत 'अनागतभयानि' हे नाव आढळते.

तात्पर्य, तरतूद आणि चिंता या दोन भिन्न गोष्टी आहेत. मृगापूर्वी शेताची मशागत करणे, बियाणे निवडून ठेवणे हे वर्तमानातील कर्म आहे. पाऊस पडेल की नाही याची रात्रभर मनात उलटतपासणी करीत राहिल्याने मात्र एकही काम पुढे सरकत नाही. उलट दुसऱ्या दिवसाचे बळ खर्ची पडते. मनात उद्याचा विचार उठताच त्यासाठी आज करण्याजोगे काही आहे काय, हे उपासकाने पाहावे. असेल तर ते करावे. नसेल तर त्या विचाराला 'हा विचार आहे' इतकेच जाणून सोडून द्यावे. हा अभ्यास एका दिवसात साधत नाही. तो रोज नव्याने करावा लागतो.